क्री शाळांत भाषा, संस्कृती आणि अभ्यासक्रम यांची सांगड प्रत्यक्षात कशी घातली जाते?

प्रश्न असा आहे: ‘मी मूळची महाराष्ट्रातली, गणित आणि विज्ञान शिकवणारी शिक्षिका आहे. येत्या ऑगस्टपासून कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील, क्री या मूळनिवासी लोकांच्या एका शाळेत सहावी ते नववीच्या वर्गांना शिकवणार आहे. शाळेत क्री भाषा व संस्कृती आणि प्रांताचा अभ्यासक्रम दोन्ही एकत्र शिकवले जातात, असे मला सांगण्यात आले आहे. हे प्रत्यक्षात कसे चालते? यात गणित-विज्ञानाचे नुकसान होत नाही का? आणि मला क्री येत नसताना मी तिथे नेमके काय करावे?’

तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नव्याने रुजू होणाऱ्या बहुतेक शिक्षकांच्या मनात तोच असतो. अशा शाळांत मी आधी गणित शिकवले आणि नंतर अभ्यासक्रम बांधण्याचे काम केले. त्या अनुभवावरून सांगतो की, क्री शिकवल्यामुळे गणित-विज्ञान मागे पडलेले मी पाहिलेले नाही. क्रीला रोज अर्धा तास द्यायचा, त्यात रंग, प्राणी आणि आकडे पाठ करून घ्यायचे आणि उरलेला दिवस इतर कुठल्याही शाळेसारखा चालवायचा, अशी मांडणी असते तिथे मात्र भाषाही येत नाही आणि विषयही मुलांना आपला वाटत नाही. याउलट क्रीमधून मुलांना काहीतरी प्रत्यक्ष शिकवले जाते आणि वेळापत्रक, नेमणुका व पैसा यांबाबतचे निर्णय क्री समाजाच्या हातात असतात, तिथे ही सांगड वर्षानुवर्षे टिकते. यातली दुसरी अट बाहेरून येणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून थोडे मागे जाऊन सांगावे लागेल.

क्री लोक क्वेबेकमधल्या जेम्स उपसागराच्या किनाऱ्यापासून आल्बर्टातल्या रॉकी पर्वतांच्या पायथ्यापर्यंत पसरलेले आहेत. ते स्वतःला नेहियवक आणि आपल्या भाषेला नेहियवेविन म्हणतात. निदान तुम्ही जाणार आहात त्या मैदानी प्रदेशात तरी हेच शब्द ऐकू येतील. कॅनडातील मूळनिवासी भाषांमध्ये क्री बोलणारे सर्वाधिक आहेत. २०२१ च्या जनगणनेत क्रीच्या निरनिराळ्या बोलींतून संभाषण करू शकणाऱ्यांची संख्या सुमारे ८६ हजार होती. बोलींमधला फरक शाळेच्या कामात पदोपदी जाणवतो. मैदानी क्री बोलणारा माणूस ‘मी’ला ‘निया’ म्हणतो, तर जंगलपट्ट्यातील क्रीमध्ये त्याचे ‘नीथा’ आणि दलदली प्रदेशातील क्रीमध्ये ‘नीना’ होते. क्वेबेकमध्ये छापलेले सुंदर चित्रमय पुस्तक आल्बर्टातल्या पहिलीच्या वर्गात जसेच्या तसे चालत नाही, आणि साहित्याच्या टंचाईचे हे एक मोठे कारण आहे.

आता शाळेविषयी. १८७६ साली फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट येथे सरकार आणि क्री व इतर मूळनिवासी यांच्यात झालेल्या सहाव्या कराराच्या मजकुरात राखीव भूमीवर, म्हणजे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, शाळा चालवण्याचे वचन आहे. मुलांना नव्या काळाचे शिक्षण मिळावे अशी वाटाघाटी करणाऱ्या क्री पुढाऱ्यांचीही इच्छा होती, हे विसरता कामा नये. प्रत्यक्षात सरकारने चर्चच्या हाती निवासी शाळा सोपवल्या. १९२० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून उपस्थिती सक्तीची करण्यात आली. मुले आईवडिलांपासून तोडली गेली आणि आपली भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. देशभरात सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत. शेवटच्या निवासी शाळा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाल्या. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी मांडल्या, आणि त्यांतल्या भाषाविषयक मागणीतून २०१९ चा मूळनिवासी भाषा कायदा आला. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एडमंटनच्या दक्षिणेस असलेल्या मस्क्वाचीस येथे, एका जुन्या निवासी शाळेच्या जागेवर, माफी मागितली.

हे सगळे तुम्हाला सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. तुमच्या वर्गातल्या मुलाची आजी अस्खलित क्री बोलत असेल, पण तिने स्वतःच्या मुलांना ती मुद्दाम शिकवली नसेल, कारण भाषेपायी आपण भोगलेला मार त्यांच्या वाट्याला येऊ नये असे तिला वाटले. म्हणून मधली एक पिढी इंग्रजीच बोलते आणि आज शाळेत येणारे बहुतेक मूल घरी इंग्रजी ऐकत वाढलेले असते. त्याला क्री शिकवणे म्हणजे मातृभाषेतून शिक्षण देणे, असे आपल्याकडच्या अनुभवावरून वाटू शकते, पण ते तसे नाही. मूल ज्या भाषेपासून तोडले गेले, ती भाषा त्याला दुसरी भाषा म्हणून परत मिळवून द्यायची असते. तिच्यासाठी लागणारी पद्धत, साहित्य आणि वेळ या तिन्ही गोष्टी मातृभाषेच्या शाळेपेक्षा वेगळ्या असतात. पालकसभेला एखादी आजी दारातूनच परत गेली, तर तिला मुलाच्या अभ्यासाची फिकीर नाही असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. शाळेच्या इमारतीत पाऊल टाकणे काहींना आजही जड जाते.

शाळा परत ताब्यात घेण्याची सुरुवातही आल्बर्टातच झाली. सेंट पॉलजवळची ब्लू क्विल्स ही निवासी शाळा बंद करून मुलांना गावातल्या सरकारी शाळेत पाठवायचे सरकारच्या मनात होते. जुलै १९७० मध्ये आसपासच्या क्री आणि देने या मूळनिवासी लोकांनी शाळेच्या इमारतीतच ठिय्या दिला आणि ती आपल्याकडे सोपवण्याची मागणी मान्य करून घेतली. कॅनडातील मूळनिवासींनी स्वतः चालवलेली ती पहिली शाळा. पुढे तिचे महाविद्यालय झाले आणि २०१५ पासून ती विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. १९७२ साली नॅशनल इंडियन ब्रदरहुड या संघटनेने ‘मूळनिवासींचे शिक्षण मूळनिवासींच्या हाती’ अशा आशयाचे धोरणपत्र मांडले आणि पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने ते तत्त्वतः स्वीकारले. क्वेबेकमध्ये जलविद्युत प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यातून १९७५ चा जेम्स बे करार झाला. त्याच्या सोळाव्या प्रकरणातून क्री स्कूल बोर्ड उभे राहिले. शिकवण्याची भाषा, शाळेचे वार्षिक कॅलेंडर, पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांची निवड यांबाबत त्या मंडळाला प्रांतातल्या इतर मंडळांपेक्षा अधिक अधिकार आहेत. मस्क्वाचीस येथे चार क्री राष्ट्रांनी (कॅनडात मूळनिवासी समुदायांना ‘राष्ट्र’ म्हणतात) २०१८ मध्ये आपापल्या शाळा एका संयुक्त शिक्षण आयोगाखाली आणल्या.

अधिकार असला म्हणजे काय होते, याचे सर्वांत सोपे उदाहरण सुट्टीचे आहे. जेम्स उपसागराच्या क्री गावांत एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीस हंस परततात, तेव्हा शाळा सुमारे दोन आठवडे बंद असतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे शिकारीच्या तळांवर राहायला जातात. शरद ऋतूत मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठीही सुट्टी असते. कॅलेंडर दूरच्या राजधानीत ठरत होते तोवर हीच मुले गैरहजर म्हणून नोंदली जात. आता तोच काळ शाळेच्या हिशेबात धरलेला असतो आणि परतल्यावर शिक्षक त्यावर पाठ बेततात. तुमच्या शाळेत कोणत्या सुट्ट्या कोणी ठरवल्या आहेत, हे रुजू होताच विचारून घ्या. शाळेचे निर्णय कोणाच्या हाती आहेत, याचा अंदाज त्यावरून लगेच येतो.

कार्यक्रमांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिल्यात क्री हा एक विषय असतो आणि बाकी सारे इंग्रजीतून चालते. आल्बर्टा प्रांताचा क्री भाषा आणि संस्कृती असा स्वतंत्र, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे, त्यामुळे या विषयाला नियमित गुण आणि श्रेयांक मिळतात. दुसरा प्रकार द्विभाषिक शाळांचा. सॅस्काटून शहरातली सेंट फ्रान्सेस ही क्री द्विभाषिक शाळा त्याचे चांगले उदाहरण आहे. तिसऱ्यात निदान सुरुवातीची वर्षे संपूर्ण क्री माध्यम असते; सॅस्कॅचेवान आणि आल्बर्टा यांच्या सीमेवरच्या ओनियन लेक क्री नेशनने अशी शाळा उभी केली आहे. यांखेरीज एडमंटनमधल्या अमिस्क्वचीय अकादमीसारख्या शहरी शाळा आहेत. ती २००० साली सुरू झाली आणि जुन्या विमानतळाच्या टर्मिनल इमारतीत भरते. तिथे अनेक राष्ट्रांची मुले एकत्र शिकत असल्याने क्रीबरोबर इतर परंपरांचाही विचार करावा लागतो. माझे मत विचाराल तर बालवाडी ते तिसरी पूर्ण क्री माध्यम आणि पुढे दोन-तीन विषय क्रीमधून, हा क्रम सर्वांत हिताचा आहे. रोजच्या अर्ध्या तासातून अस्खलित बोलणारी मुले तयार झालेली मी कुठेही पाहिली नाहीत. तो अर्धा तास निरुपयोगी नाही, कारण त्यातून मुलाला आपल्या भाषेचा संकोच वाटेनासा होतो. पण तेवढ्यावर भाषा पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल अशी आशा ठेवणे समाजावर अन्याय करणारे आहे.

अर्धा तास पुरत नाही, याचे एक कारण भाषेच्या घडणीत आहे. क्रीचा सारा भार क्रियापदावर असतो. कोण, कोणाला, कसे आणि किती जण, हे सगळे एकाच क्रियापदात गुंफले जाते, आणि कर्म सजीव वर्गातले आहे की निर्जीव वर्गातले यावर क्रियापदाचे रूप बदलते. दगड आणि किटली व्याकरणात सजीव मानल्या जातात, त्यामुळे ‘किटली बघ’ आणि ‘पुस्तक बघ’ यांतले ‘बघ’ वेगवेगळे असते. नामांची यादी पाठ केलेल्या मुलाला म्हणूनच एक वाक्यही बोलता येत नाही. चांगले क्री शिक्षक पहिल्या दिवसापासून आज्ञार्थाने आणि कृतीने शिकवतात: ये, बस, उचल, मला दे, त्याला दे. फ्रीडा अहेनाक्यू या क्री विदुषीने १९८० च्या दशकात क्री कथांच्या आधारे व्याकरण शिकवण्याची जी दिशा घालून दिली, ती आजही शिक्षक-प्रशिक्षणात उपयोगी पडते. तुम्हाला स्वतः शिकताना मराठीचा थोडा फायदा होईल. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद क्रीमध्येही आहे. इंग्रजीत वाढलेल्या क्री मुलाला तो मुद्दाम शिकवावा लागतो; तुम्हाला तो आपसूक कळेल. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच: ‘निपिय’ म्हणजे पाणी आणि ‘नीपिय’ म्हणजे पान.

आता तुमच्या विषयाकडे वळतो. प्रत्यक्ष सांगड कशी घातली जाते, हे दाखवण्यासाठी तिपीचे, म्हणजे खांबांवर उभारलेल्या शंकूसारख्या पारंपरिक तंबूचे, उदाहरण देतो, कारण ते बहुतेक शाळांत मिळते आणि बहुतेक ठिकाणी उथळपणे वापरले जाते. प्रचलित पद्धत अशी की, पाठ्यपुस्तकात शंकूचे चित्र असते, त्याशेजारी तिपीचे चित्र छापलेले असते आणि मुलांना त्रिज्या व उंची देऊन क्षेत्रफळ काढायला सांगतात. यात संस्कृती फक्त चित्रापुरती येते. मी ज्या शिक्षकांकडून शिकलो, ते आधी शाळेतल्या वयोवृद्ध ज्ञात्यांना तंबाखू अर्पण करून रीतसर विनंती करत आणि मग त्यांच्या देखरेखीखाली मुलांकडून तिपी उभारून घेत. मैदानी क्री तिपी तीन मूळ खांबांवर उभी राहते. शेजारच्या ब्लॅकफूट लोकांची चार खांबांवर असते. प्रत्येक खांबाला एक शिकवण जोडलेली आहे. पहिल्या तिघांच्या शिकवणी आज्ञापालन, आदर आणि नम्रता या आहेत. खांब लावता लावता वृद्ध बाई त्या सांगत जातात आणि त्या वेळी शिक्षकाने मध्ये बोलायचे नसते.

तिपी उभी राहिल्यावर आमचे काम सुरू होई. खांब जिथे एकमेकांना छेदतात तिथून दोरीला वजन बांधून ओळंबा सोडायचा, जमिनीवर तो टेकेल तिथे खूण करायची आणि त्या खुणेपासून प्रत्येक खांबाच्या बुंध्यापर्यंतचे अंतर मोजायचे. मुलांना सगळी अंतरे सारखी येतील असे वाटते, कारण पुस्तकातला शंकू सरळ असतो. प्रत्यक्षात दाराकडची अंतरे मोठी आणि मागची लहान निघतात. तिपी मागे झुकलेली असते: पाठीची बाजू उभी, पुढची बाजू उतरती आणि जमिनीवरचा आकार वर्तुळाऐवजी अंड्यासारखा. असे का, हा प्रश्न मुलेच विचारतात. उत्तर वाऱ्यात सापडते. दार पूर्वेला असते, मैदानात जोराचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि उभी, आखूड पाठ त्याला तोंड देते. शिवाय धुराचे भोक पुढच्या बाजूला सरकल्याने ते थेट चुलीवर येते. मग पायथागोरसच्या सिद्धांताने प्रत्येक खांबाची जमिनीपासून छेदापर्यंतची लांबी काढायची, ती प्रत्यक्ष मोजून पाहायची आणि अंड्याकृती तळाचे क्षेत्रफळ त्रिकोणांत विभागून अदमासे काढायचे. हा धडा शंकूच्या धड्यापेक्षा कठीण आहे. मुले तो पेलतात, कारण त्यांच्या पूर्वजांनी ही रचना जाणूनबुजून अशी केली होती, हे मोजमापातून त्यांनाच सापडलेले असते.

विज्ञानासाठी मूसचे कातडे कमावण्याइतका समृद्ध प्रकल्प मला दुसरा माहीत नाही. हे काम अनेक दिवस चालते. हाडाच्या दातेरी हत्याराने आतल्या बाजूचे मांस खरवडून काढतात, चौकटीवर ताणून केस उतरवतात, मग त्या प्राण्याचाच मेंदू पाण्यात कालवून कातड्याला चोळतात आणि कातडे वाळेपर्यंत ओढत, पिळत राहतात. शेवटी कुजक्या स्प्रूस लाकडाच्या धुमसत्या विस्तवावर त्याला धूर देतात. मेंदूतली चरबी आणि लेसिथिन कातड्याच्या तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. धुरातली अल्डिहाइडे कोलॅजेनच्या तंतूंना बांधतात. आठवीच्या वर्गात हे समजावण्यासाठी दोन छोटे तुकडे पुरतात, एक धूर दिलेला आणि एक न दिलेला. दोन्ही भिजवून वाळवले की न दिलेला पुन्हा लाकडासारखा कडक होतो आणि दिलेला मऊ राहतो. मुलांनी आधी अंदाज लिहायचा, मग निरीक्षण, मग कारण. त्या सगळ्या दिवसांत काम शिकवणारी आजी क्रीच बोलत असते. ‘ओढ’, ‘धर’, ‘उलट कर’ हे शब्द मुलांच्या अंगवळणी पडतात आणि वर्गात महिनाभरात न येणारी क्रियापदे इथे आठवड्यात येतात. रसायनशास्त्राचे स्पष्टीकरण तुम्ही इंग्रजीतून द्यायचे, पण ते काम संपल्यानंतर द्यायचे. आजी शिकवत असताना शेजारी उभे राहून तिच्या ज्ञानाला विज्ञानाचे नाव देत बसू नका. तिच्या कामाला तुमच्या दाखल्याची गरज नाही, आणि मुले हे अचूक टिपतात.

परीक्षांविषयीची तुमची चिंता रास्त आहे. आल्बर्टात सहावी आणि नववीला प्रांताच्या चाचण्या असतात आणि बारावीला डिप्लोमा परीक्षा. मुलांना अभियांत्रिकी, नर्सिंग किंवा शिक्षकी पेशा निवडता यावा असे वाटणाऱ्या क्री पालकांना त्या महत्त्वाच्या वाटतात. कठीण संकल्पना सोप्या करून टाकणे हा या मुलांचा सन्मान नाही. बीजगणित, अपूर्णांक आणि प्रयोगवही लिहिणे यांचा सराव इतर कोणत्याही शाळेइतकाच करून घ्यावा लागतो आणि दर धड्यात ओढूनताणून संस्कृती आणण्याची गरज नसते. बहुपदींचे अवयव पाडताना तिपी आणू नये. भाषेच्या माध्यमामुळे इंग्रजी कच्ची राहते का, याबद्दल क्रीशी भाषाकुळाचे नाते असलेल्या मिक्माक समाजातील एका शाळेवरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मिक्माक माध्यमातून शिकलेल्या मुलांची मिक्माक इतरांपेक्षा चांगली होती आणि इंग्रजीत ती मागे पडली नव्हती. मी पाहिलेल्या वर्गांचा अनुभव याहून वेगळा नाही.

मुले ज्या कारणांनी खरोखर मागे पडतात, ती दुसरीकडे आहेत. राखीव भूमीवरच्या शाळांचा पैसा केंद्र सरकारकडून येतो आणि १९९६ पासून जवळजवळ वीस वर्षे त्याच्या वार्षिक वाढीवर दोन टक्क्यांची मर्यादा होती. महागाई आणि मुलांची संख्या दोन्ही त्याहून वेगाने वाढत असल्याने दर मुलामागचा खर्च प्रत्यक्षात घटत गेला. २०१९ मध्ये नवे सूत्र आले, पण तोवर एका अख्ख्या पिढीचे शालेय शिक्षण त्या तुटवड्यात होऊन गेले होते. दुसरे कारण शिक्षकांचे येणे-जाणे. बाहेरून आलेला शिक्षक एक-दोन वर्षांत निघून जातो आणि मुले दर सप्टेंबरात नव्या माणसाला पारखण्यापासून सुरुवात करतात. तिसरे कारण क्री शिक्षकांची टंचाई. ज्यांना भाषा उत्तम येते त्यांच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नसते आणि ज्यांच्याकडे पदवी असते त्यांना भाषा पुरेशी येत नाही. वृद्ध ज्ञात्याला ‘मदतनीस’ म्हणून तुटपुंजे मानधन देऊन वर्गाच्या कोपऱ्यात बसवणारी शाळाही मी पाहिली आहे. याबद्दल मी गप्प राहू शकत नाही, कारण त्या वर्गातली सर्वाधिक जाणकार व्यक्ती तीच होती. जिथे ज्ञाता आणि प्रमाणित शिक्षक यांना जोडीने नेमून दोघांनाही नियोजनाचा पगारी वेळ देतात, तिथे चित्र बदलते. तुमची नेमणूक अशा जोडीत होत असेल, तर तो वेळ तुमच्या वेळापत्रकात आहे ना, याची खात्री करून घ्या. नसेल तर मागा.

आता रीतीभातींविषयी थोडे. ज्ञात्यांकडे काही मागायचे असेल तर ते कसे मागावे हे आधी शाळेतल्या क्री सहकाऱ्याला विचारा. तंबाखू अर्पण करण्याची पद्धत सर्वत्र सारखी नसते. अनेक शाळांत दिवसाची सुरुवात गोड गवत किंवा सेज ही सुगंधी वनस्पती जाळून त्याचा धूर अंगावर घेण्याने होते. तुम्ही आदराने उभे राहा. सहभागी व्हायचे की नाही हे तुमच्या मर्जीवर असते, आणि मुलांच्याही, कारण काही कुटुंबे ख्रिस्ती असून त्यांना ते नको असते. समारंभ स्वतः चालवण्याचा विचार मनात आणू नका. विसाकेचाक या क्री लोककथांतल्या खोडकर नायकाच्या कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात, त्यामुळे मे महिन्यात त्या कोणाला सांगायला लावू नका. वाचनाच्या तासासाठी त्या हव्या असतील तर डिसेंबर-जानेवारीचे नियोजन करा. क्री परंपरेत ऋतू सहा आहेत. चार ऋतूंच्या जोडीला बर्फ फुटण्याचा आणि पाणी गोठण्याचा असे दोन स्वतंत्र ऋतू मानले जातात. विज्ञानाच्या वर्षभराच्या नियोजनाला मी हीच चौकट वापरत असे. पाणी गोठण्याच्या ऋतूत मुले तळ्यावरच्या बर्फाची जाडी आठवड्याला मोजून आलेख काढत आणि कोणत्या जाडीवर चालता येते, कोणत्या जाडीवर स्नोमोबाइल नेता येते, हे घरच्या मोठ्यांकडून विचारून आणत. घनता, उष्णतावहन आणि सुरक्षितता ही तिन्ही प्रकरणे त्यातच होऊन जात.

तुम्हाला क्री येत नाही, याची लाज बाळगू नका, पण न शिकण्याचे ते निमित्तही होऊ देऊ नका. मुलांसमोर चुकतमाकत क्री बोलणारी मोठी व्यक्ती त्यांना फार धीर देते, कारण त्यांच्यापैकी अनेकांना चुकण्याची भीती वाटत असते. आल्बर्टा विद्यापीठात उन्हाळ्यात मूळनिवासी भाषांची प्रशिक्षण-संस्था भरते, ब्लू क्विल्समध्ये क्रीचे वर्ग चालतात आणि आल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी विकसित केलेला ‘इतवेविना’ हा ऑनलाइन क्री शब्दकोश क्रियापदाच्या कोणत्याही रूपावरून मूळ शब्द शोधून देतो. सुरुवातीला रोमन लिपीतली प्रमाण पद्धत शिका. तुमच्या भागात बहुतेक साहित्य तिच्यात आहे. क्रीची स्वतंत्र लिपी मात्र तुम्हाला आवडेल. तिच्यात प्रत्येक चिन्ह एक अक्षर असते: आकारावरून व्यंजन ओळखायचे आणि तो आकार कोणत्या दिशेला वळला आहे यावरून स्वर. छापील इतिहासात ती १८४० साली नॉर्वे हाउस येथे जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने तयार केली असे नोंदले आहे, आणि लघुलिपीबरोबर देवनागरीचीही तिच्यावर छाप असल्याचे काही अभ्यासक मानतात. क्री मौखिक परंपरेनुसार ती मिस्तानास्कोवेव या पूर्वजाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली. वर्गात हा विषय निघाला तर दोन्ही वृत्तांत सांगा आणि दुसरा सांगायला एखाद्या ज्ञात्याला बोलवा.

आल्बर्टात २०१९ पासून लागू असलेल्या शिक्षक-गुणवत्ता मानकानुसार मूळनिवासींच्या इतिहासाचे आणि करारांचे मूलभूत ज्ञान प्रत्येक शिक्षकाकडून अपेक्षित आहे, तेव्हा उन्हाळी भाषावर्गाची फी आणि रजा शिक्षण-मंडळाकडे मागण्यात संकोच करू नका. करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: क्री शिक्षकाबरोबर नियोजनासाठी आठवड्याला किती तास मिळतील, मुलांना रानात नेऊन शिकवण्याचे शिबिर वर्षात केव्हा असते आणि त्या काळात तुमचे विषय कोण घेतो, आणि घर किती वर्षांसाठी मिळेल. तिसरा प्रश्न शिक्षणाशी असंबद्ध वाटेल, पण घर नसल्याने चांगले शिक्षक पहिल्याच वसंतात निघून गेलेले मी पाहिले आहेत. जमले तर निदान तीन वर्षे राहण्याच्या तयारीने जा. सहावीत तुमच्या हाताखाली आलेली मुले तेव्हा नववीच्या उंबरठ्यावर असतील, आणि तोवर त्यांच्या आजीआजोबांशी तुमची ओळख झालेली असेल.